सौदा पक्का, करार कच्चा : निर्यातदार शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या संचालकांना खुले पत्र

प्रति,
कांदा आणि द्राक्ष निर्यात करणाऱ्या शेतकरी उत्पादक कंपन्यांचे सर्व संचालक,
नाशिक, अहिल्यानगर आणि पुणे जिल्हे

संचालक मंडळी, सप्रेम नमस्कार.

१ एप्रिल २०२५ला कांद्यावरचं उरलंसुरलं २० टक्के निर्यात शुल्क उठलं आणि तुमच्या कंपन्यांमध्ये पुन्हा दुबई, कोलंबो, क्वालालंपूरचे फोन खणखणू लागले. आनंद आहे. पण या सौद्यांचे कागद माझ्याकडे वाचायला येतात ते माल अडकल्यावर, शुल्क बसल्यावर किंवा खरेदीदाराने क्लेम टाकल्यावर. तोवर सही झालेली असते आणि मग वकिलाने कितीही डोकं चालवलं तरी कागदावर नसलेलं वाक्य त्याला तिथे घालता येत नाही. म्हणून हे पत्र बाजार बरा असताना लिहितोय.

सांगायचं एकच आहे. सरकारने निर्यात रोखली की कायदा आपल्याला आपोआप मोकळं करतो, ही समजूत सोडा. कायदा कधी मोकळं करतो, कधी अर्धवट सोडतो, कधी उलट तुमचीच मानगूट धरतो. यातलं काय वाट्याला येणार हे बरंचसं तुम्ही सही केलेल्या दोन-तीन पानांवर ठरतं.

अशी तीन पानं आत्ता माझ्या टेबलावर आहेत. कंपनी कुठली ते सांगत नाही, कारण तुमच्यापैकी निम्म्यांचे कागद असेच आहेत. माल : लाल कांदा, ५५ मिलिमीटरच्या वर, जाळीच्या गोण्या. भाव : एफओबी न्हावा शेवा, म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंतचा खर्च विक्रेत्याचा; आकडा पेनने भरलेला. पैसे : थोडे आगाऊ, बाकी कागदपत्रांच्या स्कॅन कॉपी मिळाल्यावर. माल कधी चढवायचा? ‘लवकरात लवकर’. नववं कलम फोर्स मॅज्युअरचं, म्हणजे हाताबाहेरच्या संकटात करारातून सूट देणारं. त्यात युद्ध आहे, भूकंप आहे, संप आहे, दंगल आहे आणि चक्क हरिकेन आहे. निफाड तालुक्यातल्या कांद्याला हरिकेनपासून संरक्षण! सरकारने निर्यात बंद केली तर काय, याबद्दल मात्र एक अक्षर नाही. बाराव्या कलमात वाद झाल्यास लंडनला लवाद आणि इंग्लंडचा कायदा. दुसऱ्याच्या मापाचा सदरा घातल्यासारखा हा कागद आहे. कोणीतरी कोणाकडून तरी मागवला, नाव बदललं, सही ठोकली.

आता २०२३ आठवा. १९ ऑगस्टला ४० टक्के निर्यात शुल्क बसलं. ऑक्टोबर संपताना टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य आलं, म्हणजे त्याखालच्या भावाने माल पाठवायला मनाई. ८ डिसेंबरपासून सरळ बंदी, आधी ३१ मार्चपर्यंत म्हणून सांगितलेली, मग मार्चमध्ये ‘पुढील आदेशापर्यंत’ झालेली. ४ मे २०२४ला बंदी उठली तेव्हा सोबत ५५० डॉलरचं किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क होतंच. शेतकऱ्याच्या दृष्टीने या सगळ्याचा अर्थ एकच, लिलावात भाव पडला. कायद्याच्या दृष्टीने मात्र बंदी, किमान मूल्य आणि शुल्क ही तीन निरनिराळी प्रकरणं आहेत आणि तिन्हींची उत्तरं निराळी आहेत.

बंदीचं तुलनेने सोपं. आपल्या १८७२च्या करार कायद्याचं ५६वं कलम म्हणतं की करार झाल्यानंतर ते काम अशक्य किंवा बेकायदा झालं, तर करार तिथून पुढे शून्य होतो. करार संपतो, भरपाई द्यावी लागत नाही. मात्र घेतलेला अॅडव्हान्स ६५व्या कलमाप्रमाणे परत करावा लागतो, हे सोयीस्करपणे विसरू नका. आणि यातही एक मेख आहे. १९५४ सालच्या सत्यब्रत घोष खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५६व्या कलमाचा अर्थ लावला. कलकत्त्याजवळची जमीन, प्लॉट पाडून विकायची योजना, आणि युद्धकाळात सरकारने ती जमीन लष्करासाठी ताब्यात घेतलेली. कंपनी म्हणाली, करार संपला. न्यायालय म्हणालं, नाही संपला. ताबा तात्पुरता होता आणि काम अमुक मुदतीत झालंच पाहिजे असं करारात कुठे लिहिलेलं नव्हतं. आता तुमच्या ‘लवकरात लवकर’कडे पुन्हा बघा. ३१ मार्चपर्यंतची बंदी आली तर खरेदीदाराचा वकील विचारेल, एप्रिलमध्ये पाठवायला काय हरकत आहे? तोवर भाव दुप्पट झाला असेल तर तो तुमचा प्रश्न. नाशवंत माल आहे, वेळेला महत्त्व असणारच, हा युक्तिवाद आपण करू शकतो आणि तो वजनदारही आहे. पण ‘माल १ ते २० डिसेंबर या काळात चढवायचा’ एवढी एक ओळ असती तर युक्तिवाद करायची वेळच आली नसती.

शुल्काचं गणित उलटं आहे. ४० टक्के शुल्क बसल्याने निर्यात अशक्य होत नाही, तोट्याची होते. आणि तोटा म्हणजे अशक्यता नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७मध्ये एनर्जी वॉचडॉग खटल्यात निक्षून सांगितलं आहे. तिथे तर प्रकरण केवढं मोठं होतं! इंडोनेशियाने २०१०मध्ये कोळशाच्या निर्यात किमतीचे नियम बदलले, मुंद्र्याच्या वीज कंपन्यांचं गणित कोलमडलं. न्यायालयाचं म्हणणं असं की कोळसा महागला, मिळेनासा झाला नाही. करार पाळा. अदाणी आणि टाटांच्या कंपन्यांना जे मिळालं नाही ते दोन कंटेनरवाल्या कंपनीला मिळेल अशी आशा धरू नका.

तरीही शुल्काच्या बाबतीत आपल्या कायद्यात एक कलम आहे, जे फारसं कोणी उघडून बघत नाही. १९३०च्या मालविक्री कायद्याचं ६४अ. करार झाल्यानंतर मालावर नवा कर बसला किंवा वाढला, तर विक्रेत्याला तेवढी रक्कम भावात मिळवता येते, आणि त्यात सीमाशुल्काचा उल्लेख आहे. अट एवढीच की करारातून वेगळा हेतू दिसता कामा नये. नेमका इथेच आपला एफओबी आडवा येतो. एफओबीमध्ये निर्यातीच्या मंजुरीचा खर्च आणि कर विक्रेत्याकडे असतात, म्हणजे वेगळा हेतू दिसतोच, असं समोरचा म्हणणार. आणि इंग्लंडचा कायदा लावून घेतला असेल तर हे कलम तुमच्या कामाचंच नाही. म्हणून साध्या शब्दांत लिहून घ्या : करारानंतर भारत सरकारने लावलेलं किंवा वाढवलेलं निर्यात शुल्क खरेदीदार भरेल, नाहीतर दोघांपैकी कोणीही भरपाईशिवाय करार रद्द करू शकेल. खरेदीदार कुरकुर करेल. थोडा भाव पाडून मागेल. ते मान्य करावं असं मला वाटतं, कारण ४० टक्क्यांपुढे ती सूट काहीच नाही.

शुल्क कोणत्या तारखेचं लागतं हेही माहीत असू द्या. सौदा ठरला ती तारीख नाही, माल पॅकहाउसमधून निघाला ती नाही, शिपिंग बिल भरलं तीही नाही. सीमाशुल्क कायद्याच्या १६व्या कलमाप्रमाणे कस्टम्सचा अधिकारी माल चढवायची परवानगी देतो, ज्याला आपले एजंट ‘एलईओ मिळाली का’ म्हणून विचारतात, त्या दिवशीचा दर लागतो. कंटेनर न्हावा शेव्याला उभा, बिल भरलेलं, एलईओ उद्या मिळणार आणि रात्री अधिसूचना निघाली, तर शुल्क तुमच्या बोकांडी.

किमान निर्यात मूल्याचं काय? हे सगळ्यात अवघड. ५०० डॉलरला सौदा ठरला आणि ८०० खाली पाठवायचा नाही असा हुकूम आला. खरेदीदार ८०० द्यायला बांधील नाही आणि तुम्ही ५००ला पाठवू शकत नाही. ठरलेल्या भावाला करार बेकायदा झाला असं म्हणता येतं आणि माझं मत तसंच आहे. पण खरेदीदार ‘मी जादा पैसे द्यायला तयार होतो’ असं सिद्ध करू शकला तर प्रकरण चिघळतं. काही ठिकाणी यावर तोडगा म्हणून बिलावर ८०० दाखवून वरचे पैसे मागच्या दाराने परत द्यायचा सल्ला मिळतो. तो ऐकू नका. तिथे करार कायदा संपतो आणि परकीय चलनाचा कायदा, फेमा, सुरू होतो, आणि संचालकांची नावं कागदावर असतात.

आता एक जुनं प्रकरण जरा सविस्तर सांगतो. नाफेड, म्हणजे शेतमालाच्या खरेदी-विक्रीचा राष्ट्रीय सहकारी महासंघ, तुम्हाला कांद्याच्या सरकारी खरेदीमुळे माहीत आहे. जानेवारी १९८०मध्ये याच नाफेडने अलिमेंटा नावाच्या स्विस कंपनीशी ५,००० टन निवडक शेंगदाण्यांचा सौदा केला, टनाला ७६५ डॉलर. १,९०० टन गेले. सौराष्ट्रातल्या वादळात पिकाची वाताहत झाली आणि ३,१०० टन राहिले. ऑगस्टमध्ये दोघांनी पुरवणी करार केला की राहिलेला माल पुढच्या हंगामात पाठवू. पण आदल्या वर्षीचा कोटा पुढच्या वर्षी ओढायची परवानगी नाफेडकडे नव्हती. सरकारला विचारलं तर सरकार नाही म्हणालं. दरम्यान भाव चढले होते. अलिमेंटाने लंडनला, तेलबियांच्या व्यापाराच्या फॉस्फा या संघटनेकडे लवाद मागितला. १९८९मध्ये निवाडा झाला : नाफेडने ४६ लाख ८१ हजार डॉलर द्यावेत, वर १९८१पासूनचं साडेदहा टक्के व्याज. नाफेडने अपील केलं तर व्याजच वाढून सव्वाअकरा टक्के झालं! मग निवाड्याच्या अंमलबजावणीसाठी दिल्ली उच्च न्यायालय, मग तिथलंच खंडपीठ. दोन्हीकडे नाफेड हरलं. शेवटी २२ एप्रिल २०२०ला, टाळेबंदीत सगळा देश घरी बसलेला असताना, सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की हा निवाडा भारतात लागू होणार नाही. सरकारने मनाई केलेली असताना माल पाठवणं हे सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध ठरलं असतं.

४० वर्षं. आणि नाफेड जिंकलं कशाच्या जोरावर? त्या करारात १४वं कलम होतं. सरकारी आदेशाने निर्यातीला मनाई झाली तर तेवढ्यापुरता करार रद्द होईल, असं सांगणारं. न्यायालयाने त्याला करार कायद्याचं ३२वं कलम जोडलं, म्हणजे अमुक घडलं तरच पाळायचा असा करार, आणि ते घडणं अशक्य झालं की तो शून्य. ते १४वं कलम नसतं तर काय झालं असतं याचा विचार तुम्हीच करा. शिवाय या निकालावर फार भिस्त ठेवू नका असं मी सांगेन. परदेशी निवाड्याच्या गुणदोषांत इतकं खोल शिरायला नको होतं, अशी टीका त्यावर झाली आहे. त्याच वर्षी दोन महिने आधी, विजय कारिया खटल्यात याच न्यायालयाच्या दुसऱ्या पीठाने परदेशी निवाडा अडवायला आलेल्यांना ५० लाखांचा खर्च बसवून परत पाठवलं होतं. आपल्या प्रकरणाला कोणतं पीठ मिळेल यावर धंदा उभा करता येत नाही.

‘वकीलसाहेब, आम्ही लहान माणसं, आमच्यावर लंडनला जाऊन केस कोण करणार?’ असं एका संचालकांनी मला विचारलं. खरं आहे, दोन कंटेनरसाठी कोणी लंडनला जात नाही. खरेदीदार तुमच्या पुढच्या कंटेनरच्या पैशातून कापून घेतो. आणि त्याने कापलं की लंडनला जायची पाळी तुमच्यावर येते, जी तुम्हाला परवडत नाही. लंडनचं कलम दोघांना सारखंच लागू असलं तरी ज्याच्या हातात पैसे आहेत त्याला ते सोयीचं पडतं. म्हणून लहान सौद्यांसाठी लवादाचं स्थान मुंबई, कायदा भारताचा, लवाद एकच आणि सुनावणी ऑनलाइन, असं सरळ लिहा. मुंबईत २०१६पासून आंतरराष्ट्रीय लवाद केंद्र आहे, त्यांचे नियम घेता येतात. खरेदीदार मुंबईला नाहीच म्हणाला तर सिंगापूरवर तोडगा निघतो.

दुबईच्या बाबतीत एक गोष्ट बदलली आहे. जानेवारी २०२०मध्ये भारताने संयुक्त अरब अमिरातीला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ४४अ कलमाखाली अधिसूचित केलं. तिथल्या अधिसूचित न्यायालयांचा हुकूमनामा आता इथल्या जिल्हा न्यायालयात थेट अंमलबजावणीसाठी आणता येतो. दुबईहून आलेली नोटीस टेबलाच्या खणात टाकून द्यायचे दिवस गेले.

इंग्लंडचा कायदा नको, मग कोणाचाही चालेल का? तसंही नाही. रॉटरडॅमच्या एका खरेदीदाराच्या करारात नेदरलँड्सचा कायदा होता आणि कंपनीला वाटलं, काय फरक पडतो. फरक असा की नेदरलँड्स, जर्मनी, चीन, अमेरिका, सिंगापूर असे बरेच देश मालविक्रीच्या १९८०च्या व्हिएन्ना करारात आहेत. भारत त्यात नाही, ब्रिटनही नाही. पण डच कायदा मान्य केला की तो व्हिएन्ना करार, वेगळं काही लिहिलं नसेल तर, चोरपावलांनी तुमच्या करारात शिरतो. त्याचं ७९वं अनुच्छेद आपल्या कामाचं : हाताबाहेरच्या अडथळ्यामुळे माल देता आला नाही तर भरपाई माफ. मात्र तो अडथळा करार करताना ध्यानात घेणं तुमच्याकडून अपेक्षित नसावं, आणि तुम्ही वाजवी वेळेत समोरच्याला कळवलेलं असावं. आता सांगा, सप्टेंबर २०१९मध्ये कांद्याची बंदी, सप्टेंबर २०२०मध्ये पुन्हा, डिसेंबर २०२३मध्ये पुन्हा. एवढं झाल्यावर ‘बंदी येईल असं वाटलंच नव्हतं’ हे कोणता लवाद ऐकून घेईल? आपल्या सरकारने कांद्याची बंदी इतकी नित्याची केली आहे की ती अनपेक्षित म्हणायची सोयच उरलेली नाही. त्यामुळे ती करारात नावानिशी लिहिण्यावाचून गत्यंतर नाही : बंदी, किमान मूल्य, शुल्क, कोटा, परवाना, फक्त सरकारी संस्थेमार्फत निर्यात. सगळी नावं. आणि अधिसूचना निघाल्यापासून तीन दिवसांत ईमेलने कळवायचं, हेही.

द्राक्षवाल्यांनी आता हे पत्र बाजूला ठेवू नये. तुमच्या मालावर बंदी येत नाही, पण समुद्र आहेच. २०२४च्या हंगामात तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे युरोपची जहाजं आफ्रिकेला वळसा घालून गेली, दिवस वाढले, भाडं वाढलं. असाच प्रसंग १९५६ला आला होता. सुदानचे ३०० टन शेंगदाणे सीआयएफ हॅम्बर्गला, म्हणजे भाडं आणि विमा विक्रेत्याने भरून, जायचे होते आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला सुएझ कालवा बंद झाला. विक्रेता म्हणाला, करार संपला. इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायपीठाने, हाउस ऑफ लॉर्ड्सने, त्सकिरोग्लू नावाच्या या खटल्यात सांगितलं की संपला नाही, आफ्रिकेच्या टोकाला, केपला, वळसा घालून जायचं, जादा भाडं विक्रेत्याचं. कारण करारात सुएझमार्गेच जायचं असं नव्हतं आणि शेंगदाणे लांबच्या प्रवासाने बिघडले नसते. द्राक्षं बिघडतात. त्यामुळे तुमची बाजू शेंगदाणेवाल्यापेक्षा बरी आहे, पण ती मांडायला करारात ‘न्हावा शेव्याहून सुएझमार्गे, अपेक्षित प्रवास इतके दिवस’ असं काहीतरी असायला हवं. आणि सीआयएफ भावात विकत असाल तर भाडेवाढीचा भार कोणाचा हे आकड्यात लिहा.

एफओबीबद्दल आणखी थोडं. एफओबीत धोका खरेदीदाराकडे जातो तो माल जहाजावर चढल्यावर. कंटेनर मात्र तुम्ही त्याआधी कितीतरी दिवस बंदरात किंवा सीएफएसमध्ये, म्हणजे कंटेनरच्या गोदामात, सोडून आलेले असता. तिथे रीफरचा, म्हणजे थंड कंटेनरचा, प्लग निघाला, तापमान चढलं, तर तो माल अजून तुमचाच. म्हणून कंटेनरच्या मालाला एफसीए (माल वाहतूकदाराच्या ताब्यात दिला की धोका खरेदीदाराचा) वापरा असं इन्कोटर्म्स, म्हणजे एफओबीसारख्या व्यापारी संज्ञा, ठरवणारं आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळ गेली कित्येक वर्षं सांगतंय. आपल्याकडे सवयीने एफओबीच लिहितात.

क्वालिटी क्लेम हा तुमचा खरा रोग आहे हे मला माहीत आहे. पेटी उघडल्याचे चार फोटो व्हॉट्सअॅपवर येतात, मणी गळालेले, देठ सुकलेले, आणि ‘तीस टक्के कमी’. फोटो कोणत्या पेटीचा, कोणत्या दिवशीचा, कोणाला ठाऊक. याला दोन गोष्टी लागतात. माल पोचल्यावर ४८ तासांत, दोघांनी आधीच नाव ठरवलेल्या सर्वेक्षकाचा अहवाल आला नाही तर माल मान्य झाला असं समजायचं. आणि डेटा लॉगरची, म्हणजे कंटेनरमधलं तापमान टिपणाऱ्या यंत्राची, नोंद पुरावा म्हणून दोघांना बंधनकारक. आमच्याकडे ईसीजीसी या सरकारी निर्यात पत हमी कंपनीचा विमा आहे म्हणून निर्धास्त असणाऱ्यांनी पॉलिसी पुन्हा वाचावी. खरेदीदार बुडाला, पैसे द्यायचे टाळतोय, यासाठी ती आहे. त्याने गुणवत्तेचा वाद काढला की तो आधी त्याच्या देशातल्या न्यायालयात निकाली काढून आणा, असं तिथे लिहिलेलं सापडेल. लबाड खरेदीदाराला हे तुमच्याआधी माहीत असतं.

काही जणांकडे तर तीन पानंही नसतात. ‘ओके भाई, दोन कंटेनर कन्फर्म’ एवढाच मेसेज. याला करार म्हणतात का? म्हणतात. २०१०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ट्रायमेक्स विरुद्ध वेदांता या प्रकरणात बॉक्साइटच्या पाच जहाजांचा सौदा नुसत्या ईमेलवर पक्का झाल्याचं धरलं, औपचारिक करारावर सही कधी झालीच नव्हती. म्हणजे मेसेजने बांधले जाल, पण मेसेजमध्ये बंदीचं कलम असणार नाही. निदान त्या मेसेजखाली ‘आमच्या नेहमीच्या अटींवर’ असं लिहून अटींची पीडीएफ तरी जोडा.

आणि सभेत हमखास कोणीतरी उठून म्हणतं की सरकारच्या बंदीविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत, डब्ल्यूटीओत, जाऊ. आपल्याला तिथे जाता येत नाही, तिथे देश देशाविरुद्ध जातो. तिथल्या गॅट या व्यापार कराराचं ११वं अनुच्छेद निर्यातबंदीला मनाई करतं, पण अन्नपदार्थांची गंभीर टंचाई टाळायला तात्पुरती बंदी चालते अशी पळवाटही त्यातच आहे. त्यातून डिसेंबर २०१९पासून तिथलं अपील मंडळ माणसांअभावी बंद आहे. साखरेच्या अनुदानाचा खटला भारत २०२१मध्ये हरला आणि आपण अपील केलं ते याच बंद मंडळाकडे, म्हणजे निकाल तसाच लटकलेला. ऊसवाल्यांना ते फायद्याचं झालं. कांदेवाल्यांना त्यातून काही मिळणार नाही.

सरकारकडे मागायचं असेल तर दुसरं काहीतरी मागा. परकीय व्यापार धोरणाच्या १.०५ परिच्छेदात एक सवलत आहे. बंदीच्या आधी ज्याच्या हातात बँकेचं अपरिवर्तनीय लेटर ऑफ क्रेडिट (एलसी), म्हणजे पैशांची हमी, आहे आणि ज्याने ते पंधरा दिवसांत नोंदवलं, त्याला तेवढा माल पाठवता येतो. कागदावर उत्तम. पण कांद्यात एलसीवर धंदा किती होतो? जवळजवळ नाहीच. त्यामुळे ही सवलत मोठ्या व्यापाऱ्यांची. आणि तीही सरकार मनात आलं की काढून घेतं. २० जुलै २०२३ला बिगरबासमती पांढऱ्या तांदळावर बंदी आली तेव्हा १.०५ इथे लागू नाही असं त्या अधिसूचनेतच लिहिलं होतं. सरकारचीही एक बाजू आहे, ती मान्य करू. मे २०२२मध्ये गव्हाची बंदी आल्यावर मागच्या तारखेची एलसी बाहेर पडू लागली आणि अधिकाऱ्यांना कागद प्रत्यक्ष तपासत बसावं लागलं.

या भीतीवर उत्तर सरकारकडेच तयार आहे. बासमतीचा निर्यात करार आधी अपेडाकडे, म्हणजे शेतमाल निर्यातीच्या सरकारी प्राधिकरणाकडे, नोंदवावा लागतो, नोंदणीचा दाखला मिळतो, मग माल जातो. २०२३मध्ये याच नोंदणीचा उपयोग करून सरकारने १,२०० डॉलरखालचे सौदे अडवले होते. जी नोंदणी अडवायला चालते ती सोडवायलाही चालली पाहिजे. कांद्याचा करार झाला की चोवीस तासांत ऑनलाइन नोंदवायची मुभा द्या, ऐच्छिक. तारीख संगणकाची, ती मागे नेता येत नाही. आणि बंदी आली तर अशा नोंदवलेल्या कराराचा माल ठरलेल्या मुदतीपुरता जाऊ द्या, एलसी असो वा नसो. सरकारलाही यातून पुढच्या महिन्यात किती कांदा बाहेर जाणार आहे हे आधी कळेल, जे आज कळत नाही आणि म्हणून घाबरून एका रात्रीत दार लावलं जातं. ही मागणी एकेकट्या कंपनीने केली तर पोचपावतीपलीकडे काही मिळणार नाही. शंभर कंपन्यांनी सारखा मसुदा ठराव म्हणून पाठवला तर वाणिज्य मंत्रालयाला उत्तर द्यावं लागेल.

३० सप्टेंबरच्या आत तुमच्या वार्षिक सर्वसाधारण सभा होतात. विषयपत्रिकेत दोन विषय घाला : नोंदणीच्या मागणीचा ठराव, आणि यापुढे कोणताही निर्यात करार संचालक मंडळाने मंजूर केलेल्या नमुन्याशिवाय करायचा नाही असा ठराव. नमुना मराठी आणि इंग्रजी, दोन्ही भाषांत समोरासमोर छापलेला असावा, म्हणजे सही करणाऱ्याला आपण कशावर सही करतोय ते वाचता येईल. त्यात वाद झाला तर कोणती भाषा ग्राह्य, हेही लिहावं लागेल, आणि खरेदीदार इंग्रजीच म्हणणार, ते चालेल. पहिला मसुदा मी करून देतो, फी नको. त्यासाठी प्रत्येक कंपनीने गेल्या तीन हंगामांतले सगळे करार, मेसेज आणि क्लेमचे कागद, भाव आणि खरेदीदारांची नावं काळी करून, सभेच्या आधी आपापल्या तालुक्याच्या महासंघाकडे जमा करावेत.

आपला,
व्यापारी करारांचं काम करणारा एक वकील,
नाशिक